कार्बाइडची धार आणि पोलादाची बैठक

लेथवर लाकूड फिरवून त्याला घाट देणाऱ्या कारागिराचे, म्हणजे कातारी माणसाचे, निम्मे कसब परंपरेने धार लावण्यात सामावलेले असते. खोलगट पात्याची गोल पटाशी, तिरक्या धारेची सपाट पटाशी आणि तयार वस्तू उरलेल्या ठोकळ्यापासून विलग करणारी अरुंद पटाशी ही त्याची मुख्य पोलादी हत्यारे कामाच्या ओघात पुन्हापुन्हा ग्राइंडरवर न्यावी लागतात, दर खेपेस धारेमागचा उतार त्याच कोनात यावा लागतो, आणि तो तसा येऊ लागेपर्यंत नवशिक्याचे बरेचसे पोलाद ग्राइंडरच्या चाकावरच झिजून जाते. टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेल्या हत्यारात हा सगळा भाग कारखान्याकडे जातो. धार तयार मिळते आणि ती बोथट झाली की टोक थोडे फिरवून दुसरी कड पुढे घेतली जाते. अशा हत्यारात कारागिराच्या हाताला काही कामच राहत नाही, असा समज त्यामुळे होतो. ज्याने ही हत्यारे स्वतः घडवली आहेत त्याचा अनुभव मात्र निराळा असतो. धारेसाठी लागणारे कसब नाहीसे होत नाही, ते धारेखालच्या इवल्याशा पोलादी बैठकीत उतरते. आणि ती बैठक कानशीने घासून काढणाऱ्याला लाकूड नेमके कसे कापले जाते याची जी समज येते, ती तयार हत्यार वापरून सहसा येत नाही.

कार्बाइड म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाचे अतिशय सूक्ष्म कण, कोबाल्ट या धातूने एकमेकांशी जखडलेले. दोहोंची पूड एकत्र करून साच्यात दाबतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भट्टीत तापवतात; संयुगाचे कण वितळत नाहीत, कोबाल्ट मात्र त्यांच्या फटींत पसरतो आणि थंड होताना त्यांना घट्ट धरून ठेवतो. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. जर्मनीत ऑसराम या दिव्यांच्या कंपनीकडे काम करणाऱ्या कार्ल श्रोटर यांनी १९२३ साली या पदार्थाचे पेटंट नोंदवले, तेव्हा लाकूड सोडाच, लोखंड कापण्याचाही विचार आघाडीवर नव्हता. दिव्यातील टंगस्टनची तार ज्या हिऱ्याच्या छिद्रातून ओढून बारीक करत, त्या महागड्या हिऱ्याला पर्याय हवा होता. पुढे एसेनच्या क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला, आणि आपल्याकडच्या वर्कशॉपांत कार्बाइडच्या टोकाला आजही विडियाच म्हणतात. कातकामाच्या चांगल्या पोलादी हत्यारांना जे हायस्पीड स्टील वापरतात, त्याच्या साधारण दुप्पट कठीणपणा या पदार्थात असतो. पण कठीण पदार्थ चिवट असतोच असे नाही. दाबाखाली कार्बाइड अफाट भार सोसते, वाकवू पाहिले तर मात्र ते वाकत नाही, तुटते. हत्यार घडवताना घ्यायचे जवळजवळ सगळे निर्णय या एका स्वभावातून निघतात.

पहिला निर्णय इन्सर्टच्या निवडीचा. मध्ये स्क्रूसाठी भोक असलेल्या, बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या सुट्या तुकड्याला इन्सर्ट म्हणतात. लोखंडाच्या सीएनसी कामातून उतरलेले इन्सर्ट औद्योगिक वसाहतीत सहज मिळतात, आणि स्वस्त मिळतात म्हणून तेच वापरण्याचा मोह होतो. ते बहुधा उपयोगी पडत नाहीत. पोलाद कापताना धार तुटू नये म्हणून त्यांची कड कारखान्यातच किंचित गोलवलेली असते, वरून टायटॅनियम नायट्राइडसारखा लेप असतो, आणि पोलादासाठी पुरेशी तीक्ष्ण असलेली ही कड लाकडाचे तंतू कापण्याऐवजी चेंगरते. अशा इन्सर्टवर जी अक्षरे असतात त्यांतील दुसरे अक्षर धारेखालचा मोकळा कोन सांगते: एन असेल तर तो कोन शून्य, सी असेल तर ७ अंश, पी असेल तर ११ अंश. एन जातीचा इन्सर्ट आडवा धरला की धारेच्या आधी त्याची खालची बाजूच लाकडावर घासते. याच कुळातील अ‍ॅल्युमिनियमसाठी बनवलेले, लेप नसलेले आणि आरशासारखे घासलेले इन्सर्ट मात्र लाकडात चांगले चालतात, कारण मऊ धातूलाही लाकडासारखीच उघडी, तीक्ष्ण धार लागते. सर्वांत सोयीचे पडतात ते लाकडाच्या रंधा यंत्राच्या फिरत्या रुळावर बसवण्यासाठी बनवलेले चौकोनी इन्सर्ट. त्यांची बाजू १४ किंवा १५ मिलिमीटर, जाडी २ ते २.५ मिलिमीटर, चारही कडांना धार आणि धारेखाली बहुधा ३० अंशांचा उतार असतो. बारीक कणांच्या कार्बाइडमुळे त्यांची धार नखावर टेकवली तरी जाणवते.

यानंतर बैठक. चौकोनी १२ मिलिमीटरचा साध्या पोलादाचा बार, ज्याला दुकानात एमएसचा चौरस म्हणतात, त्याच्या टोकाला वरच्या बाजूने उथळ खाच काढायची असते आणि तिच्या सपाट तळावर इन्सर्ट स्क्रूने आवळायचा असतो. ऐकायला सोपे असले तरी सारा जीव या तळात असतो. १५ मिलिमीटरचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा इन्सर्ट उलटा करून मोजला, तर उतारामुळे त्याची खालची बाजू जेमतेम १२ मिलिमीटरची भरते. १२ मिलिमीटरचा बार तिला काठोकाठ पुरतो आणि खाचेची लांबीही तेवढीच धरावी लागते. मिलिंग मशीन हाताशी असेल तर ही खाच काही मिनिटांत निघते. ते नसताना बार शेगड्यात पकडून, गुण्याने रेघ मारून, हॅकसॉने भिंतीच्या जागी उभा काप घेऊन उरलेले पोलाद आधी भरड आणि मग बारीक दातांच्या कानशीने उतरवावे लागते, आणि कानशीचा स्वभाव असा की हात जरासा डुलला तरी तळ मध्ये फुगीर आणि कडांना ढासळलेला येतो. फुगीर तळावर इन्सर्ट ठेवला तर तो डोळ्यांना बसल्यासारखा दिसतो. स्क्रू आवळला की मधला भाग टेकलेला आणि कडा अधांतरी राहतात, कापताना पुढच्या कडेवर येणारा भार कार्बाइडला वाकवू पाहतो, आणि इन्सर्ट भोकापासून कोपऱ्यापर्यंत तडकतो. तळात अडकलेला लोखंडाचा एक कणही याला पुरतो.

म्हणून तळ सपाट झाला की नाही हे डोळ्यांवर सोपवून चालत नाही. फिटर लोकांची जुनी रीत येथे नेमकी उपयोगी पडते: इन्सर्टच्या पाठीला प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावायचा, इन्सर्ट खाचेत हलकेच दाबून उचलायचा, आणि पोलादावर जेथे निळे ठिपके उमटले तेवढेच उंचवटे बारीक कानशीने उतरवायचे. आरंभी एकदोन ठिपके उमटतात, मग ते पसरत जातात, आणि कधीतरी सगळ्या तळावर फिकट निळी छटा एकसारखी येते. या कामाला घाई चालत नाही. कानस पुढे नेताना दाब कोणत्या हातावर किती हवा, मागे घेताना ती का उचलायची, हे या काही चौरस मिलिमीटरच्या जागेत जितके लख्ख कळते तितके मोठ्या कामात कळत नाही. धार लावण्यात जी एकाग्रता लागते तीच ही आहे. फरक एवढाच की धार पुन्हापुन्हा लावावी लागते आणि बैठक नीट जमली की ती वर्षानुवर्षे साथ देते.

खाचेच्या मागच्या भिंतीबद्दल थोडे बारकाईने बोलले पाहिजे, कारण तिचे काम बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते. इन्सर्ट कापताना मागे रेटला जातो आणि बाजूला वळूही पाहतो. ही दोन्ही बळे एकट्या स्क्रूवर पडली तर त्याचे आटे सैल होतात. भिंतीने ती अंगावर घ्यायची असतात. मात्र इन्सर्ट वरच्या बाजूला रुंद होत जात असल्यामुळे भिंत सरळ उभी आणि त्याच्याइतकी उंच ठेवली, तर तिला टेकते ती नेमकी पुढच्या पाळीसाठी राखलेली मागची धार. तिचे दात पडतात, आणि इन्सर्ट फिरवल्यावर नव्या धारेने कापलेल्या लाकडावर बारीक समांतर रेघा उठू लागतात. यासाठी भिंतीला इन्सर्टच्या उताराएवढाच, म्हणजे ३० अंशांचा, मागे झुकणारा कल द्यावा आणि तिची उंची इन्सर्टच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे भार उताराच्या सपाट भागावर येतो आणि धार मोकळी राहते. खाच २ मिलिमीटर खोल आणि इन्सर्ट २.५ मिलिमीटर जाड असला की हे आपोआप साधते, शिवाय इन्सर्टचा माथा बारच्या वर राहिल्याने ढलप्या अडत नाहीत.

भोकाची जागाही अशीच विचाराने ठरवावी लागते. इन्सर्ट भिंतीला टेकवून, त्याच्या भोकात नेमका बसणारा ड्रिल हाताने फिरवून बारवर खूण उमटवतात. पण भोक बरोबर त्या खुणेवर न पाडता केसभर मागे, भिंतीच्या दिशेने पाडतात. स्क्रूचे डोके शंकूसारखे निमुळते असते, त्यामुळे भोक किंचित मागे असले की स्क्रू आवळताना तो इन्सर्टला खाली दाबतोच, शिवाय भिंतीकडे ओढून धरतो. हे अंतर जास्त झाले तर शंकू एकाच बाजूने टेकून इन्सर्टला फोडू पाहतो. चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ३.३ मिलिमीटरचे भोक आरपार पाडावे, कारण बंद भोकात आटे पाडताना लोखंडाचा चुरा तळाशी साठून टॅप मोडतो. आरपार भोकात तो खाली गळतो, आणि तेल लावून, अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे अशा लयीत टॅप फिरवला तर आटे स्वच्छ येतात. स्क्रूच्या शंकूचा कोनही पाहिला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या सपाट डोक्याच्या साध्या स्क्रूचा कोन ९० अंश असतो, तर इन्सर्टसाठी बनवलेल्या स्क्रूंचा कोन बहुधा ६० अंशांच्या आसपास. भोकाशी न जुळणारा स्क्रू इन्सर्टला एका बारीक रेषेवरच धरतो. भोकाच्या काठावर उठलेली पोलादाची कड शेवटी काढली नाही, तर प्रशियन ब्लू लावून घेतलेले सगळे श्रम वाया जातात.

बारचे नाक, म्हणजे इन्सर्टखालचे पुढचे टोक, खालच्या बाजूस मागे घासून घ्यावे लागते, नाहीतर वाडग्याच्या आतल्या वळणात धारेच्या आधी बारच लाकडाला भिडतो. एमएसऐवजी स्टेनलेस स्टील वापरले तर हत्यार देखणे दिसते आणि गंजत नाही. मात्र ३०४ जातीचे स्टेनलेस घासले जाताना आणखी कठीण होत जाते आणि बारीक टॅप हमखास त्यातच अडकतात. साध्या पोलादात चूक दुरुस्त करता येते, म्हणून पहिल्या हत्याराला तेच योग्य.

इन्सर्ट न वापरता विडियाची साधी टिप बारवर डाखून घेण्याची रीतही आहे, आणि लोखंडाच्या लेथवर काम करणाऱ्यांना ती अधिक परिचित आहे. टाकणखारासारखा फ्लक्स लावून, चांदीमिश्रित डाखाने गॅसच्या ज्योतीवर टिप चिकटवतात. कार्बाइड तापल्यावर पोलादाच्या साधारण निम्मेच प्रसरण पावते, त्यामुळे जोड थंड होताना पोलाद जास्त आकसते आणि टिपेत ताण साठतो. दोहोंमध्ये तांब्याचा पातळ पत्रा ठेवला की तो ताण पत्रा सोसतो. जोड झटपट पाण्यात बुडवणे म्हणजे टिप फोडणे होय. कॅडमियम असलेल्या डाखाची वाफ विषारी असल्याने तो टाळावाच. या रीतीचा तोटा असा की धार पुन्हा लावावी लागते, त्यासाठी हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे चाक लागते, आणि धार लावण्यातून सुटका करून घेण्याचा मूळ हेतूच मागे पडतो. लांबट किंवा विशिष्ट आकाराची धार हवी असेल तेव्हाच ती पत्करावी.

हत्याराचा ताठपणा ही दुसरी विचार करण्याजोगी बाब आहे. टूल रेस्ट, म्हणजे लाकडासमोरची ज्यावर हत्यार टेकवतात ती आडवी पट्टी, तिच्यापासून धार जितकी पुढे जाते तितका बार लवतो, आणि हे लवणे अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते: ५० मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटर पुढे गेले की तेवढ्याच बळाला बार आठपट लवतो. उलट चौरस बारचा ताठपणा त्याच्या बाजूच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचा बार दुपटीहून ताठ असतो आणि १६ मिलिमीटरचा त्याच्याही तिप्पट. खोल वाडग्यासाठी जाड बार का लागतो याचे उत्तर या आकड्यांत आहे, पण ते हाताला आधी कळते: लवणारा बार थरथरतो, लाकडावर लाटांसारखे ठसे उमटतात आणि आवाज बदलतो. हाच आवाज इन्सर्ट सैल झाल्यावरही येतो, त्यामुळे तो ऐकू आला की यंत्र थांबवून आधी स्क्रू तपासावा.

मूठ किमान ४०० मिलिमीटर लांब हवी, कारण टूल रेस्टच्या अलीकडची लांबी हा तरफेचा हाताकडचा भाग असतो. बारचे मागचे टोक घासून गोल करावे, मुठीच्या तोंडाशी पितळी नळीचे कडे बसवावे, नाहीतर पहिल्याच जोरदार धक्क्याला लाकूड उभे चिरते. मग बार अ‍ॅरल्डाइटने पक्का करावा. स्वतःच्या हाताच्या मापाची मूठ कातणे हा स्वतः हत्यार करण्यातला एक निखळ आनंद आहे, आणि दिवसभर काम केल्यावर मनगटाला तो जाणवतो.

वापराची पद्धत पोलादी पटाशीहून मुळातच वेगळी असते. गोल पटाशी चालवताना तिचा उतार लाकडावर टेकवून, मूठ हळूहळू उचलत धार लाकडात उतरवतात. उतारच हत्याराला आधार देतो आणि लाकडाची लांब साल निघते. कार्बाइडचे चौकोनी हत्यार सपाट, आडवे आणि लेथच्या मध्यरेषेच्या उंचीवर धरून पुढे सारतात. बाहेरून कातताना धार मध्यरेषेवर, आतून पोखरताना किंचित वर ठेवावी, म्हणजे हत्यार अडकून खाली दबले तरी धार लाकडात न घुसता मोकळ्या जागेत सरते. ३०० मिलिमीटर व्यासाचे वाडगे मिनिटाला १००० फेरे फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे १५.७ मीटर वेगाने धारेसमोरून जाते, म्हणून ही उंची काम सुरू होण्यापूर्वीच, यंत्र बंद असताना ठरवावी. चेहऱ्यावर संरक्षक काच असावी. इन्सर्ट बारपेक्षा रुंद असल्याने त्याचे मागचे कोपरेही बाहेर डोकावतात आणि ते धारदार असतात. बोटे त्यांच्यापासून दूर ठेवावी.

सपाट धरलेली धार मुख्यतः खरवडते. वाडग्याच्या भिंतीत दोन ठिकाणी तंतूंची टोके समोर येतात, तेथे ती तंतू कापण्याऐवजी उपटते आणि मग भरड पॉलिश पेपरने बराच वेळ घासावे लागते. याला उपाय आहे, आणि तो स्वतः हत्यार घडवणाऱ्याच्याच हाती आहे: बारच्या खालच्या दोन कडा घासून गोल केल्या की हत्यार टूल रेस्टवर ४५ अंशांपर्यंत तिरके करता येते, धार लाकडाला तिरपी भिडते आणि भुशाऐवजी बारीक फिती निघू लागतात. चौकोनी बारची सपाट बाजू नवशिक्याला स्थिरता देते, गोल बार ही मोकळीक देतो. दोहोंची सांगड घालणारा, खालून गोलवलेला चौरस बार सर्वांत गुणी ठरतो. तो घडवण्याला फक्त कानशीची थोडी जास्त मेहनत पडते.

तरीही ही हत्यारे प्रत्येक लाकडाला लागत नाहीत. चन्नपट्टणचे कारागीर खेळण्यांसाठी काळ्या कुड्याचे मऊ, एकसारख्या पोताचे लाकूड वापरतात; अशा लाकडावर चांगल्या धारेच्या पोलादी पटाशीने जो तुळतुळीत पृष्ठभाग मिळतो आणि ज्यावर फिरत्या अवस्थेतच लाख चढते, तो कार्बाइडने मिळत नाही. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या आणि लाखकामाच्या परंपरेलाही हीच गोष्ट लागू पडते. तेथे वेग धार लावण्यात अडत नाही, कारण तो हात लहानपणापासून तयार झालेला असतो. कार्बाइडचे खरे मोल सागवानात आणि जुन्या, पुन्हा वापरलेल्या लाकडात कळते. सागाच्या तंतूंत सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच द्रव्य, अंगचेच असते आणि ते पोलादी धार बघताबघता खाऊन टाकते. जुन्या घराच्या तुळयांत माती, चुना आणि क्वचित मोडलेल्या खिळ्याचे टोक दडलेले असते. माती आणि सिलिका कार्बाइड सहज सोसते, खिळा सोसत नाही, तो धारेचा तुकडाच उडवतो. मात्र इन्सर्ट पाव फेरा फिरवला की काम पुढे चालू राहते. त्यामुळे ठोकळा गोल करून घेण्यापर्यंत कार्बाइड आणि शेवटचा हात पोलादी पटाशीचा, ही विभागणी ज्यांना दोन्ही येते त्यांच्याकडे आपोआप रूढ होते.

इन्सर्टच्या चारही धारा मंदावल्या तरी तो लगेच टाकण्याचे कारण नाही. हिऱ्याच्या कणांची बारीक पट्टी पाण्याने ओली करून त्यावर इन्सर्टचा सपाट माथा काही वेळ घासला तर चारही धारा एकदमच ताज्या होतात. उताराच्या बाजू मात्र घासू नयेत, कारण त्यांच्यावरच बैठकीचे माप अवलंबून असते. घासणे ओलेच हवे. कार्बाइडची आणि त्यातील कोबाल्टची कोरडी धूळ फुप्फुसाला घातक असते. शेवटी अगदीच निकामी झालेले इन्सर्ट लोखंडाच्या भंगारात मिसळू नयेत. टंगस्टन मौल्यवान असल्यामुळे औद्योगिक वसाहतींत कार्बाइडचे भंगार वेगळे, वजनावर आणि लोखंडाच्या कितीतरी पट भावाने घेतले जाते, आणि त्यातील बहुतांश माल पुन्हा पूड होऊन नव्या इन्सर्टच्या साच्यात जातो.